दोन खुर्च्यांचं घर

रविवार, ६ जानेवारी

“पोरीला नेतेस खरी, पण तिला बसवणार कशावर?” दोन्या हुस्ता मला चार वर्षांपूर्वी म्हणाली होती. ती माझी सासू. ओरुरोच्या तिच्या घरात एकट्या जेवणाच्या टेबलाभोवती आठ खुर्च्या होत्या, आणि ती हे बोलत होती तेव्हा मी उभी होते. माझी मुलगी नायरा तेव्हा सहा वर्षांची. माझा नवरा रेमिहिओ चिलीला गेला तो गेलाच. माझ्याजवळ एक गाठोडं आणि बाल-संरक्षण कचेरीचा कागद, त्यावर शेरा: आईकडे घरसामान नाही, मूल आजीकडे राहील.

आज ते वाक्य आठवून चक्क हसू आलं. रिकाम्या खोलीत फरशीवर फतकल मारून बसले होते, पाठीला भिंत, मांडीवर पाव आणि चीज. दोनच खोल्या, पण माझ्या. ला पाझच्या उतारावर, बाजारापासून एकशे बेचाळीस पायऱ्या वर. खिडकीतून तारेवरचे लाल पाळणे एल आल्तोकडे चढताना दिसतात. नायराला ते मोजायला आवडतील.

घरमालक सेन्योर फोर्तुनातो किल्ली देताना म्हणाले की आधीच्या बाईनं मागं काही ठेवलं नाही, स्वयंपाकाच्या कोनाड्यात एक बिस्किटांचा डबा आहे, हवा तर ठेव नाहीतर फेक. कोपऱ्यावर जांभळ्या मक्याची गरम कांजी विकणारी सातुर्निना शेजारीच राहते. तिनं पहिला पेला फुकट दिला आणि म्हणाली, या खिडकीत दिवा दिसला की बरं वाटेल बाई, फार दिवस डोळा मिटल्यासारखी होती.

फेब्रुवारीत कचेरीच्या उर्किसोबाई घर पाहायला येणार. घर पसंत पडलं की नायरा माझी. ही वही तिच्यासाठी लिहिते आहे. मोठी झाली की वाचेल, आईनं घर कसं उभं केलं ते.

गुरुवार, १० जानेवारी

शाळा उघडायच्या आहेत, त्यामुळे आमच्या गणवेशाच्या कारखान्यात मान वर करायला फुरसत नाही. पण कापडाचे तुकडे स्वस्तात मिळतात. राखाडी पडदे शिवले, खाली निळी पट्टी लावली. भिंतींना चुना दिला, त्यात मूठभर पिवळी माती कालवली. संध्याकाळचं ऊन आलं की खोली लोण्यासारखी दिसते. भाजीवालीकडून कांद्याचे तीन खोके आणले, घासले, पांढरे रंगवले. दोन एकावर एक रचून नायराच्या पुस्तकांची मांडणी केली, तिसऱ्यावर गोधडीची घडी घालून बैठक.

उर्किसोबाईंची यादी दारामागे चिकटवली आहे: मुलीला पलंग, अभ्यासाला टेबल, माणशी एक खुर्ची, दाराचं कपाट, शेगडी. खोके चालतील का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, खोका हा खोकाच असतो, बाई. कोणत्या दिवशी येणार तेही आधी सांगणार नाहीत.

आज तो डबा उघडला. आत अलासितासच्या जत्रेतल्या चिमुकल्या वस्तू निघाल्या. बोटाएवढा लोखंडी पलंग, उशाकडच्या दोन पितळी गोळ्यांतली एक गेलेली. टेबल. दोन खुर्च्या, एकीचा पाय काडेपेटीच्या काडीनं सांधलेला. आरशाचं कपाट. शेगडी. आणि लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेली कागदांची पुरचुंडी. जणू दारामागची यादीच कुणीतरी कोरून ठेवली होती.

जत्रेत आपल्याला हवी ती वस्तू बारीक रूपात घ्यायची, बाराच्या ठोक्याला धुपावर धरायची, मग ती वर्षभरात खरी होऊन घरी येते. पण एकानं मागून झालेली वस्तू दुसऱ्यानं मागायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तिच्यात आधीच कुणाचं तरी नाव शिरलेलं असतं.

किती सुबक आहेत पण. खोक्यावर मांडून ठेवल्या.

गुरुवार, २४ जानेवारी

आज जत्रा. साडेअकराला कारखाना थांबला आणि आम्ही सगळ्या धावत सुटलो. पेत्रोनानं मोटार घेतली, डोरिसनं पदवीचा कागद आणि विमानाचं तिकीट. मी भाव विचारत फिरले. पलंग-टेबलाचा नवा संच म्हणजे माझा चार दिवसांचा पाव. पिशवीत तो डबा होता. सकाळी निघताना मी तो का घेतला, हे मला माहीत होतं आणि नव्हतंही.

पेत्रोनानं विचारलं, तुझं काय गं. मी म्हटलं, घेतलं केव्हाच. खोटं तर नव्हतं.

धूप घालणाऱ्या म्हाताऱ्यापुढे रांग रेटत होती. त्यानं डब्यावर दारू शिंपडली, फुलं टाकली, डबा धुरात धरला. कागदांकडे बोट करून विचारलं, हे पण? मी म्हटलं, सगळंच. मग विचारलं, कुणाच्या नावानं. तेवढ्यात बाराच्या घंटा सुरू झाल्या, मागून बायका ढकलायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं: जिचं घर आहे तिच्या नावानं.

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि तसंच म्हटलं.

रविवार, २७ जानेवारी

पलंग मिळाला.

लाल पाळण्यातून एल आल्तोच्या जुन्या बाजारात गेले. अर्ध्या तासात समोर उभा. लोखंडी, उशाला पितळी गोळी एकच. विकणारी म्हणाली, आलीस का शेवटी कासेरिता, तुझ्यासाठीच ठेवला होता. बाजारात सगळ्याच एकमेकींना कासेरिता म्हणतात, विकणारीही आणि घेणारीही. कासेरिता म्हणजे घरची. ठेवला होता, हेही प्रत्येकीला सांगतात. पण भाव इतका कमी सांगितला की मी घासाघीस करायचं विसरले. वर वर्ताळा म्हणून तांबडी घोंगडी दिली.

नायरा त्यात झोपेल. भिंतीकडून. बाहेरच्या बाजूला मी खोका ठेवीन, रात्री पडू नये म्हणून.

गुरुवार, ३१ जानेवारी

टेबल, शेगडी, आरशाचं कपाट आणि दोन खुर्च्या. एका दिवसात, त्याच जुन्या बाजाराच्या एका गल्लीत. एका खुर्चीचा पाय नव्या फिक्या लाकडानं सांधलेला आहे. ते पाहून मी खुर्ची आधी खाली ठेवली, मग योगायोग म्हणून पुन्हा उचलली.

कपाट पाठीवर घेऊन म्हातारा हमाल एउसेबियो आला. पत्ता विचारला नाही. एकशे बेचाळीस पायऱ्या चढला आणि नेमका माझ्या दाराशी टेकला. म्हणाला, या दाराशी बोलावणं मला पुष्कळदा यायचं. एर्मेलिंडाबाई बाजारात वस्तू पसंत करायच्या, मला उभं करायच्या आणि मग पैसे पुरत नाहीत म्हणून परत पाठवायच्या. तरी ओठ ओले करायला काहीतरी द्यायच्याच. आज पहिल्यांदा त्यांच्या घरात सामान घातलं.

मी म्हटलं, घर आता माझं आहे. तो हो हो म्हणाला, जसं लहान मुलाला म्हणतात.

रविवार, ३ फेब्रुवारी

घर सुंदर दिसतंय, लिहून ठेवलंच पाहिजे. कपाटाचा आरसा खिडकीसमोर आल्यामुळे खोली दुप्पट झाली. टेबलावर पिठाच्या गोणीचं झालर लावलेलं कापड. दुधाच्या रिकाम्या डब्याला दोरा गुंडाळून त्यात जिरॅनियमची फांदी. एवढ्याशा पैशांत एवढं घर कुणी बसवून दाखवावं.

खुर्च्या मी टेबलाशी लावून जाते. परत येते तेव्हा दोन्ही एकमेकींकडे तोंड करून असतात.

सातुर्निना म्हणाली, काल दुपारी तू पायरी झाडत होतीस, मी हाक मारली तर बघितलंसुद्धा नाहीस, सामान आलं तशी मोठी झालीस हो. हसत म्हणाली. काल दुपारी मी कारखान्यात होते.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सातुर्निनाला एर्मेलिंडाबद्दल विचारलं. कांजी ढवळत ढवळत सांगत होती. एकोणीस वर्षं ती या खोल्यांत राहिली. धुणीभांडी करायची. अनाथगृहातली एक मुलगी मागितली होती. कचेरीची माणसं तीनदा आली आणि तीनदा एकच शेरा देऊन गेली: घरसामान नाही. मग दर जत्रेत ती एक एक वस्तू घेऊ लागली. खरी वस्तू कधी आलीच नाही. मागच्या हिवाळ्यात फरशीवरच गेली बिचारी. सातुर्निना म्हणाली, एवढं मात्र खरं, ती कुणाच्या वाईटावर नव्हती, तिला तिचंच हवं होतं.

वर येऊन पुरचुंडी सोडली. आत जत्रेत मिळतो तसा चिमुकला जन्मदाखला. जांभळ्या शाईत, गोल अक्षरात: आईचं नाव, एर्मेलिंडा चोके. अपत्य, मुलगी. मुलीच्या नावाची जागा कोरी.

माझ्यापुढे तोच शेरा, तीच कचेरी. मला रडू आलं, तिच्यासाठी. मग पातं घेऊन तिचं नाव खरवडलं आणि वर माझं लिहिलं. नीएवेस पोमा.

बुधवार, ६ फेब्रुवारी

दाखल्यावर जांभळं नाव परत आलं आहे. माझं नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पोटात दुखतंय सांगून दुपारी घरी आले. बाराला दहा कमी होती.

दार आतून लावलेलं. शेंगदाण्याच्या सुपाचा वास. आत खुर्ची सरकली. मग हलक्या आवाजात कुणीतरी बोलत होतं, थांबत होतं, जसं उत्तर ऐकत आहे. कुणाला तरी जेवायला शिकवावं तसं. सावकाश. फुंकर घाल.

मी दार वाजवलं नाही. स्वतःच्या दारावर काय म्हणून वाजवायचं.

खालच्या देवळाची बाराची घंटा वाजून थांबली आणि दार आपोआप सैल झालं. आत कुणी नाही. शेगडी गरम. टेबलावर दोन ताटल्या, धुऊन पालथ्या.

सगळं सामान पायऱ्यांवरून लोटून द्यावंसं वाटलं. पण उर्किसोबाई येत्या आठवड्यात येणार. सामान ठेवलं तर ती राहणार. सामान टाकलं तर नायरा—

रविवार, १० फेब्रुवारी

नुसत्या खुर्च्या परत करायच्या ठरवल्या. दोन नव्या कुठूनतरी आणीन. उसन्या आणीन. दोन्ही पाठीला बांधून पाळण्यातून वर नेल्या.

खुर्च्या विकणारीनं हात लावला नाही. म्हणाली, कासेरिता, तूच तर गुरुवारी येऊन सांगून गेलीस, रडत आले तरी परत घेऊ नकोस म्हणून.

मी म्हटलं, ती मी नव्हते.

ती म्हणाली, हेही म्हणशील असं सांगितलं होतंस.

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. का हसले.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

उर्किसोबाई येऊन गेल्या. दुपारी बाराला. मी कारखान्यात होते.

सातुर्निना म्हणाली, छान झालं बाई, किती वेळ बसल्या, तू चहा केलास, खिडकीतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं.

धावत कचेरीत गेले. उर्किसोबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, आपण कोण. ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, म्हणाल्या, बाई, आज जिला भेटले तिची सही माझ्याकडे आहे. घर पाहिलं, पलंग पाहिला, इतकी निगुतीनं राहणारी आई मी या कामात क्वचित पाहिली. तुम्ही कोण नातेवाईक असाल तर अर्ज करा.

अहवाल माझ्याकडे फिरवला. आईच्या जागी जांभळी शाई. गोल अक्षर.

मी म्हटलं, ते घर मी लावलं. पडदे मी शिवले.

त्या म्हणाल्या, त्यांनीही तेच सांगितलं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

हुस्ताला फोन केला. म्हटलं, नायराला पाठवू नका. हात जोडते.

ती हसली. म्हणाली, चार वर्षं द्या द्या म्हणून डोकं खाल्लंस, आता द्यायची वेळ आली तर नको? आणि कालच्या फोनवर तर किती मऊ बोललीस पोरीशी. मी म्हटलं मनात, झाली बाई शेवटी आई.

मी काल फोन केला नाही.

नायराशी बोलू द्या म्हटलं. ती म्हणाली, रविवारी बोल, समोरासमोर.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

किल्ली लागत नाही. कुलूप तेच. सेन्योर फोर्तुनातोंना बोलावलं. त्यांनी दार वाजवलं, अर्धवट उघडलेल्या फटीशी टोपी काढून काहीतरी बोलले आणि मला म्हणाले, घरात बाई आहेत, तुम्हाला काय हवंय.

सातुर्निनानं तिच्या ओसरीत झोपू दिलं. नाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाली, ऐकल्यासारखं वाटतं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

बिस्किटांचा डबा पिशवीत होता. तेवढाच माझ्याकडे राहिला.

दाखला उघडला. कोरी जागा भरली आहे.

नायरा.

तिचा राग यायला हवा. येत नाही नीट. एकोणीस वर्षं— फरशीवर— मी तर फक्त चार—

पण माझी आहे ती. मी जन्म दिलाय. ओरुरोच्या इस्पितळात, तिसऱ्या खाटेवर, बाहेर गारा पडत होत्या. हे कुठल्या कागदावर—

रविवार, १७ फेब्रुवारी

पायरीवर बसून लिहितेय. खोक्यावर.

सकाळी तिन्ही खोके दाराबाहेर एकावर एक ठेवलेले होते. वर माझी गोधडी, नीट घडी केलेली. टापटिपीची आहे ती. जे तिनं मागितलं नव्हतं तेवढंच बाहेर काढलं.

बाराला थोडी कमी असताना त्या आल्या. हुस्ता पुढे, धापा टाकत. मागून नायरा.

किती उंच. चौदा महिने पाहिलं नव्हतं. केस मोकळे, गाडीत झोपून विस्कटलेले, एका बाजूला चिमटा लोंबकळत—

मी उठले. तोंड उघडलं. नाव घेणार तोच—

ती म्हणाली, काकू, जरा सरकता का, आम्हाला वर जायचंय.

मी सरकले.

हुस्तानं माझ्याकडे पाहिलं आणि पर्स छातीशी धरली.

दार आतून उघडलं. मला फक्त हात दिसला. कामानं सोललेला, माझ्यासारखा. नायरा त्या हातात शिरली.

आता पडद्यातून तिघींच्या सावल्या दिसतात. निळी पट्टी मी लावलेली आहे. हुस्ता पलंगावर. त्या दोघी खुर्च्यांवर, समोरासमोर. खुर्च्या दोनच. हुस्ताचा आवाज ऐकू येतो: घर मात्र छान बसवलंस गं.

बसवणार कशावर. बसली ती. बसली.

वहीची पानं फाडून दाराखालून सरकवते आहे. ती वाचेल. मी तिच्या डब्यातले कागद वेळेवर वाचले नाहीत, ती माझे वाचेल.

एर्मेलिंडा, घर तुझं. पलंग तुझा, नाव तुझं. कुठे सही करू सांग, करते. मला खुर्ची नको. नायराचे केस मानेजवळ गुंततात. तिथे फणी ओढायची नाही, बोटांनी सोडवायचे, नाहीतर ती रडत नाही पण ओठ चावते. तुला कोण सांगणार. तू कधी कुणाची वेणी—

रोज नको. रविवारी. खोका माझा मी आणीन, उंबऱ्याबाहेर बसेन. ती पाठ करूनच बसेल ना वेणीला, तोंड नाही दिसलं तरी— कोण म्हणून विचारलं तर शेजारची सांग. केस विंचरणारी बाई सांग.

तू नाही म्हणशील. तुझ्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. आत्ता बाराची घंटा होईल. तरी मागते, एकदाच, कासेरिता, तिची वेणी मला—